ओढ्यावरची पाळी

१

आमच्या लोकरीच्या गिरणीत कुणी कुणाशी तोंडानं बोलत नाही. बोलून उपयोगच नसतो. कताई खात्यातली मशिनं सुरू झाली की शेजारचा माणूस कानाशी येऊन ओरडला तरी फक्त त्याचे दात दिसतात. मला सगळे ‘भोंगा’ म्हणतात. घरात मी बायकोला काही हळूच सांगायला गेलो तर शेजारच्या घरातून उत्तर येतं, असा माझा आवाज. पण खात्यात त्याचंही काही चालत नाही.

हातवारे करावेत तर हात मोकळे कुठे असतात? सूत सारखं तुटतं. तुटलं की दोन्ही टोकं चिमटीत धरायची, अंगठ्यानं एकदा वळायची आणि पुढच्या चातीकडे जायचं. दिवसभर हेच. म्हणून आम्ही पायांनी बोलतो. एका पायावर उभं राहायचं, दुसरा उचलायचा आणि तळवा समोरच्याला दाखवून काय ते सांगायचं. लांबून दिसावं म्हणून बुटांच्या तळांना पांढरा रंग फासलेला असतो. याला आम्ही पायबोली म्हणतो. तिच्यात ‘पाणी’ आहे, ‘मुकादम आला’ आहे, ‘डब्यात काय आणलंस’ आहे, आणि शिव्या तर विचारूच नका. अहो-जाहो तेवढं नाही. माझी बायको त्याच खात्यात आहे. घरी ती मला ‘अहो’ म्हणते आणि कामावर पाय उचलून सरळ ‘ए भोंग्या’.

पाळी बदलताना मात्र थट्टा चालत नाही. येणारा पाय लांब करून तसाच हवेत धरतो, म्हणजे ‘आलो, दे.’ जाणारा तळव्याची एक मोठी गोल फेरी घेतो, म्हणजे ‘माझं झालं, आता तू सांभाळ.’ मग येणारा तीच फेरी उलटी घेऊन टाच आपटतो, म्हणजे ‘घेतलं.’ जाणारा पाय झटकतो आणि घरी जातो. एखाद्याला थांबून पुढची पाळीही करायची असली तर तो घोटा दोनदा फिरवतो आणि पाय दुसऱ्या गुडघ्यामागे अडकवून ठेवतो. ही ‘डबल’. मशीनवरच्या माणसानं डबल सांगितली की विषय संपला, आलेल्यानं मुकाट परत जायचं.

हे सगळं मला आत्यानं शिकवलं. तिचा जन्म गिरणीत गेला आणि कानही तिथेच गेले. आता ती आमच्याजवळ राहते. मला कामावर घेतलं तेव्हा तिनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. “घेतलं म्हणायच्या आधी काय घेतोयस ते बघ रे, भोंग्या. एकदा टाच आपटलीस की जे असेल ते तुझं.”

आमच्या घरात माणसं एवढीच, मी, बायको आणि आत्या. चौथं माणूस यावं म्हणून आम्ही दोघांनी काय काय केलं ते सांगत बसत नाही. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती. बायकोनं तो विषय काढणं सोडलं होतं, आणि त्याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटायचं.

२

पाळी सुटल्यावर मी ओढ्याकाठानं घरी येतो. डोंगरातल्या जंगलातून हा ओढा धडाधड खाली येतो आणि आमच्या मागच्या दारासमोरून जातो. त्याचा आवाज थेट खात्यासारखा. पाहुण्यांचं डोकं दुखतं, मला मात्र तिथे बसलं की डुलकी लागते.

त्या दुपारी मी दगडावर बसलो होतो. समोर पाण्यानं सारखा भिजणारा एक काळा खडक आहे. त्याच्यावर अंगठ्याएवढा बेडूक होता, खडकाच्याच रंगाचा. हलला नसता तर दिसलाही नसता. त्यानं मागचा एक पाय उचलला. इतक्याशा अंगाला इतका लांब पाय असेल असं वाटलं नव्हतं. मग बोटं पसरली. बोटांमधला पडदा पांढरा होता, आमच्या बुटांच्या तळासारखा. तळवा माझ्याकडे करून त्यानं सावकाश एक मोठी गोल फेरी घेतली आणि पाय खाली ठेवला.

मी विचारबिचार काही केला नाही. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप उठला. उलटी फेरी घेतली आणि टाच आपटली. घेतलं.

बेडकानं मला एकदा नीट बघून घेतलं. मग पाय झटकला आणि पाण्यात उडी मारली.

मी एकटाच हसत सुटलो. घरी येऊन बायकोला करून दाखवलं, तर ती हसता हसता खाली बसली, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि “अहो, पुन्हा करा, पुन्हा करा” म्हणत राहिली. किती दिवसांनी ती अशी हसली होती! आत्याला पायानं सांगितलं. ती हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, “काय घेतलंस?”

“काही नाही गं. बेडूक होता.”

“बघितलंस का काय होतं ते?”

बायकोचा भाऊ शाळेत मास्तर आहे, विज्ञान शिकवतो. तो संध्याकाळी आला तेव्हा त्याला गाठलं. तो म्हणाला, “भावोजी, त्यात काय एवढं? ओढ्यातले बेडूक असंच करतात. पाण्याच्या आवाजात डराव डराव कुणाला ऐकू जाणार? म्हणून पाय दाखवून बोलावतात.”

“पण मी उत्तर दिल्यावर पाय झटकून निघून का गेला?”

“मग काय तिथे बसून तुमच्याकडे चहा मागणार होता?”

यावर आम्ही सगळे पुन्हा हसलो. मास्तरचं बरोबरच होतं. मी त्या रात्री गाढ झोपलो.

३

त्यानंतर काही आठवड्यांनी बायको सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. हाताशी चाळा करत होती.

“अहो, माझी पाळी चुकलीय.”

मी बुटांना रंग लावत होतो. “कशी काय? काल तर वेळेवर आली होतीस.”

“तसं नाही हो.”

“मुकादमाला सांगून टाक की तब्येत बरी नव्हती. खाडा लावणार नाही तो. तुझं काय बिघडलंय?”

तिनं कपाळावर हात मारला. मग तोंडानं बोलणं जमेना म्हणून की काय, तिनं एक पाय उचलला आणि पायबोलीत सांगितलं. पायबोलीत बाळासाठी खूणच नाही, कारण गिरणीत त्याची गरज पडत नाही. ‘बॉबिन’ आणि ‘भरतेय’ अशा दोन खुणा तिनं जोडल्या. माझ्या हातातला ब्रश रंगाच्या डब्यात पडला. मी एवढ्यानं ओरडलो की शेजारचे दोघे काय झालं म्हणून धावत आले. त्यांना मी मिठी मारली. आत्यालाही उचलली. तिला काही ऐकू आलं नव्हतं, पण उचललेलं कळलं, आणि का उचललं तेही कळलं.

इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. दिवसभर सूत जोडताना मी हसत होतो. पाळी सुटली, पुढचा माणूस आला, मी फेरी घेतली, त्यानं टाच आपटली. ती टाच बघितली आणि मी पाय झटकायचंच विसरलो.

मी ओढ्यावर नक्की काय घेतलं होतं?

४

मी अंधश्रद्धाळू माणूस नाही. बेडूक आणि बाळ यांचा संबंध लावणारा माणूस समोर आला असता तर मीच त्याची खेचली असती. स्वतःचीही खेचून बघितली. पण ओढ्याकाठची वाट सोडून मी रस्त्यानं घरी यायला लागलो.

तर बेडूकच घरी आला. न्हाणीघरात नळाखालची भिंत कायम ओली असते, तिथे तो बसला होता. पाय उचलला नाही, काही नाही. नुसता बसून होता. आमच्याकडे पाळीला लवकर आलेली माणसं खात्याबाहेरच्या बाकावर बसतात. घाई नसते, गप्पाही नसतात, त्यांची नजर घड्याळावर असते. हा तसाच बसला होता. गिरणीचा भोंगा झाला तेव्हा तो उठला आणि मोरीतून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

बायकोला त्याचं कौतुक. “राहू दे हो. डास खातो.”

मी मोरीला जाळी बसवली. मग तो खिडकीत दिसायला लागला.

एका दुपारी बायकोनं माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. “बघा, बघा. आत मशीन सुरू झालंय.” हाताखाली खरंच काहीतरी सरकलं. एका बाजूनं निघून गोल फिरत दुसऱ्या बाजूला गेलं, आणि शेवटी एक ठोसा. बायको आनंदानं ओरडली. मीही ओरडलो, पण हात चटकन काढून घेतला. ती फेरी उलटी होती. टाच शेवटी होती.

तिनं माझ्याकडे बघितलं. “काय झालं?”

“काही नाही. जोरात लागलं.”

बायको झोपल्यावर मी आत्यासमोर बसलो आणि पायानं विचारलं, “न बघता घेतलेलं परत देता येतं का?”

आत्या लोकरीचं इवलंसं टोपडं विणत होती. मान वर न करता म्हणाली, “द्यावंच लागतं. पाळी संपली की पुढचा मागायला येतोच.”

मला तिथेच रडू आलं. खोटं का बोलू? इतक्या वर्षांनी घरात हसणं आलं होतं, आणि ते कुणीतरी थोड्या वेळापुरतं माझ्या हातात दिलंय असं वाटायला लागलं होतं.

५

मुलगी झाली. पायाळू. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. “आम्हाला फार घाबरवलं हो तुमच्या लेकीनं. आधी एक पाय बाहेर काढला आणि हलवत बसली. पण दोघी छान आहेत.”

“आमच्यात आधी पायच बोलतो, बाई,” मी म्हणालो. त्या हसल्या. मी भिंतीला टेकून आधी रडून घेतलं आणि मग हसलो.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसती धमाल. घरात झोप कुणालाच नव्हती आणि तक्रारही कुणाचीच नव्हती. माझ्या आवाजानं पोरगी दचकेल म्हणून मला कुजबुजायची शिक्षा झाली होती. आणि गंमत अशी, की गिरणीच्या भोंग्यानंही न उठणारी ही बया मी कुजबुजलो की खुदकन हसायची. आत्याच्या मांडीवर तर ती तासन्‌तास असायची. एकीला ऐकू येत नाही, दुसरीला बोलता येत नाही, दोघींचं अगदी छान जमलं.

तिचे पाय एक क्षण शांत नसायचे. सगळ्याच बाळांचे नसतात, हे मला चार जणांनी सांगितलं होतं. तरी मी बघत बसायचो. त्या पांढऱ्या-गुलाबी तळव्यांत कधी ‘पाणी’ दिसायचं, कधी ‘मुकादम आला’, आणि एकदा तर अशी शिवी दिसली की मी बायकोला बोलावलं. ती म्हणाली, “तुम्हीच शिकवली असणार.”

बेडूक वाढले होते. न्हाणीघराच्या भिंतीवर, बादलीच्या काठावर, मागच्या पायरीवर. पाळी बदलायच्या सुमाराला यायचे, आणि सगळ्यांची तोंडं पाळण्याकडे असायची. भोंगा झाला की निघून जायचे. मी फडकं घेऊन हाकलायचो. ते हलायचे, पळायचे नाहीत. मास्तर म्हणाला, “घरात ओल जास्त आहे, भावोजी.” ओल होतीच. कोरडं करायला मी दिवसभर पुसत असायचो, तरी पाळण्याखालची फरशी बोटाला थंड लागायची.

६

त्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळी छान ऊन पडलं होतं. बायको पोरीला घेऊन मागच्या दारानं ओढ्याकडे गेली ते मला कळलं नाही, मी आत घड्या घालत होतो. ‘या दोघी गेल्या कुठे?’ म्हणून दारात आलो तर ती ओढ्याकाठच्या दगडावर बसली होती, माझ्याकडे पाठ करून. पोरगी मांडीवर आडवी, पाय एका बाजूला बाहेर. दोन्ही हात पोरीला धरण्यात गुंतलेले.

समोरचा काळा खडक मला ओळखू आला नाही. तो सगळा बेडकांनी भरला होता. त्याच्या वरचा खडकही, त्याच्याही वरचा, जंगलातून ओढा जिथून दिसायला लागतो तिथपर्यंत. एकही हलत नव्हता. आणि गिरणीचा भोंगा झाला.

या वेळी कुणी निघून गेलं नाही. सगळ्यात पुढच्यानं पाय उचलला, लांब केला, बोटं पसरली आणि तसाच हवेत धरला.

आलो, दे.

मला माझ्या बायकोचा स्वभाव माहीत आहे, आणि आमच्या खात्यातली सवयही. हात गुंतलेले आणि समोर ती खूण, एवढं झालं की पाय विचारत नाही. तिचा उजवा पाय दगडावरून उचलला गेलेला मला दिसला. आता ती फेरी घेणार. माझं झालं, आता तू सांभाळ. ती हसत हसत, गंमत म्हणून तेवढं सांगणार, आणि मग?

मी ओरडलो. जन्मात ओरडलो नसेन इतक्या जोरात तिच्या नावानं ओरडलो. ओढ्यानं ते सगळं गिळलं. माझा मलाच आवाज आला नाही. मी पाय उचलून ‘थांब’ म्हणालो, पुन्हा पुन्हा म्हणालो, पण तिची पाठ होती. मग धावलो, आणि ओल्या पायरीवरून घसरून सपशेल आडवा झालो. आडवा पडल्या पडल्या मला तिचा पाय दिसत होता. फेरी सुरू झाली होती.

तेवढ्यात तिच्या मांडीवरून एक छोटा पाय वर आला.

तो घोट्यात एकदा फिरला. पुन्हा एकदा फिरला. मग अगदी ठरवून, सावकाश, दुसऱ्या गुडघ्यामागे जाऊन अडकला आणि तिथेच राहिला.

बायकोचा पाय अर्ध्या फेरीतून खाली आला. डबल सांगितल्यावर मध्ये बोलता येत नाही, ही सवयसुद्धा तिच्या पायांत तितकीच मुरलेली होती.

खडकावरचा बेडूक थोडा वेळ तसाच पाय धरून राहिला. मग त्यानं तो खाली घेतला, झटकला आणि पाण्यात गेला. त्याच्यामागचा गेला, त्याच्या मागचा गेला. सगळ्या खडकांवरून पाय झटकले जात होते. पांढरं काहीतरी ओढ्याच्या काठानं वर जंगलापर्यंत लुकलुकत गेलं. मग उरला तो काळा, ओला खडक.

बायको वळली. मला चिखलात पालथा पडलेला बघून तिला हसू आवरेना.

“अहो, बघितलंत का? डबल! तुमच्या लेकीनं डबल सांगितली!”

मी उठलोच नाही. तिथेच पडून हसत होतो आणि रडत होतो, आणि दोन्ही एकदम करताना नाकात चिखल जातो हे मला तेव्हा कळलं.

७

घरात येऊन आत्याला सगळं सांगितलं. सांगताना मी पाय इतका भरभर हलवत होतो की तिनं दोनदा “हळू, हळू” म्हटलं. मग विणकाम खाली ठेवलं.

“डबल कोण सांगतं रे, भोंग्या?”

“म्हणजे?”

“मशीनवर कोण उभं असतं? ज्याच्याकडे सोपवलंय तो. मशीन कधी डबल सांगतं का?”

“पण घेतलं तर मी होतं, आत्या. मला सोपवली होती ना ती.”

“तू तर न बघता टाच आपटलीस. तुला काय माहीत कुणी कुणाला घेतलं?” एवढं म्हणून ती पुन्हा विणायला लागली. चेहऱ्यावर हसू होतं. किती तरी वेळ ते मावळलं नाही.

बायकोनं पोरीला माझ्या मांडीवर दिलं आणि शेजारी बसली. या सगळ्या गडबडीत तिचा अंबाडा सुटला होता. पोरगी आमच्याकडे बघत होती, आळीपाळीनं, अगदी लक्ष देऊन. मला तो काळा खडक आठवला आणि उडी मारण्याआधी मला नीट बघून घेणारे ते डोळे आठवले.

मग तिनं हात पुढे केला. आईच्या गालावर आलेली एक बट पकडली. इवल्याशा चिमटीत धरली, तुटलेल्या सुतासारखी अंगठ्यानं एकदा वळली आणि सोडून दिली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बायकोनं ती बट हातात घेऊन बघितली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की तो बघून मी घाबरायचंच विसरलो.

मी मान खाली वाकवली, तिच्या हाताला सोपं जावं म्हणून. थंड, थोडी ओली बोटं माझ्या भुवईवरून फिरली, मिशीपर्यंत आली आणि एकेक केस चाचपत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. तुटलेलं काही सापडलं नसावं, कारण ती खुदकन हसली आणि आत्याकडे वळली.